युद्धावांचून सैन्याचें राजकारण : परांड्याचा तळ व मोमिनाबादची छावणी

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील युसूफ वडगांव हें आमचें वसतिस्थान. येथून पश्चिमेस खर्डा, नैर्ऋत्येस परांडा, उत्तरेस धारूर, पूर्वेस अंबाजोगाई व आग्नेयीस उदगीर. पैकीं उदगीर (१७६०) व खर्डा (१७९५) हीं नांवें लढायांमुळें शाळेंतील मुलांसहि पाठ असतात. गोदातीरचें राक्षसभुवन (१७६३) हेंहि त्याच मालिकेंतील. उलट १८०३ सालीं परांड्यास पडलेला फौजेचा तळ, किंवा निजामी अंमलांत मोमिनाबाद या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईस असलेली घोडदळाची छावणी, यांकडे अभ्यासकाचें सहसा लक्ष जात नाहीं. तेथें लढाई झाली नाहीं, तस्मात् लिहिण्याजोगें कांहीं घडलें नाहीं, असा समज याच्या मुळाशीं असावा. आमचें मत निराळें आहे. या प्रांताचें भवितव्य खर्ड्याच्या रणानें जेवढें ठरविलें, त्याहून अधिक न लढलेल्या फौजांनीं ठरविलें. आणि ज्या मुलुखानें त्या फौजा पोसल्या त्यासहि त्या लढाईपेक्षां स्वस्त पडल्या नाहींत. तें कसें घडलें, हें येथें क्रमानें सांगावयाचें आहे.

प्रथम शास्त्राकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथसंग्रहास १९०५ सालीं आणून दिली, व शामशास्त्र्यांनीं ती १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली. एका घरांत राहिलेल्या पोथीनें राजनीतीचा सारा विचार कसा पालटतो, याचा याहून मोठा दाखला संग्राहकांस सांपडावयाचा नाहीं. या ग्रंथाच्या सातव्या अधिकरणांत संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव या सहा गुणांचा विचार आहे. 'यान' म्हणजे शत्रूवर चालून जाणें असा अर्थ आपण कोशांवरून घेतों. कौटिल्याची व्याख्या मात्र 'अभ्युच्चय', म्हणजे बळाचा उपचय, अशी आहे. आणि अपकाररूप जो विग्रह त्याहून हा गुण त्यानें वेगळा मोजिला आहे. सैन्य वाढविणें, पुढें आणणें, ठेवणें, हें युद्धाहून निराळें राजकारण आहे, ही गोष्ट त्यास स्पष्ट दिसत होती. त्याच अधिकरणांत दुर्बळ राजानें बलवत्तरापुढें नमून करावयाच्या संधींचे प्रकार दिले आहेत: कांहींत तो आपलें सैन्य देतो, कांहींत कोश, कांहींत देश. दंडोपनत, कोशोपनत व देशोपनत हीं त्यांचीं नांवें. वाचकांनीं हे तीन शब्द ध्यानांत ठेवावेत. पुढें ते उपयोगीं पडतील.

मराठ्यांस ही विद्या अवगत होती, हें निराळें सांगावयास नको. 'घासदाणा' हा शब्दच पाहावा. फौज मुलुखांतून जातांना गवत व दाणा यांच्या नांवानें जो पैसा घेतला जाई, तो वास्तविक फौजेनें लूट न करितां पुढें जावें याचें मोल होता. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेनअल्लीबरोबर दिल्लीस गेला, तेव्हां राजधानींत मराठी फौज उभी असणें हाच त्याचा युक्तिवाद होता. बाजारच्या दंग्यांत कांहीं मराठे कामास आले खरे, परंतु रण असें झालें नाहीं; आणि मार्च महिन्यांत चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा हातीं पडून शाहू महाराजांची मातोश्री येसूबाई सुटून आली. याहून नमुनेदार दाखला बाजीरावाचा. १७३७ च्या मार्चअखेर तो वाटेंतील बादशाही फौजांस बगल देऊन एकाएकीं दिल्लीच्या दारांत उभा राहिला. शहर जाळावें असें प्रथम मनांत होतें, पण अमर्याद वर्तन केल्यास पुढील बोलणें खुंटेल म्हणून तो बेत सोडला, असें त्यानें चिमाजी अप्पास स्वतः लिहिलें. बाहेर आलेल्या फौजेशीं एक चकमक करून तो थोड्याच दिवसांत परतला. बादशाहाच्या बळाचें पोकळपण साऱ्या हिंदुस्थानास दिसलें, आणि तेंच त्यास हवें होतें.

पालखेडास (१७२८) रक्तपात थोडा झाला म्हणून कित्येक लेखक तीहि मोहीम या सदरांत घालितात. आम्हांस तें मान्य नाहीं. निजामाचें जड तोफखान्यापासून तुटलेलें सैन्य पाण्यावांचून कोंडून धरणें हें युद्धच होय, आणि ६ मार्च १७२८ चा मुंगी-शेवगांवचा तह हें युद्धाचेंच फळ. रक्त किती सांडलें हें आमच्या विषयाचें माप नव्हे. युद्ध उघड न पुकारतां, केवळ सैन्य कोठें आहे, कोणाच्या पगारावर आहे व कोणाच्या हुकुमांत आहे एवढ्यावरून समोरच्याचा निश्चय पालटला काय, हें माप.

या मापानें पाहतां खर्ड्याचीच एक बाजू नव्यानें दिसूं लागते. ११ मार्च १७९५ रोजीं मराठ्यांशीं गांठ पडल्यावर निजामअल्ली खर्ड्याच्या किल्ल्यांत शिरला व कांहीं दिवसांत तहास कबूल झाला. दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून ताप्तीपर्यंतचा पट्टा, तीन कोट रुपये व दिवाण मुशीरुल्मुल्क यास हवालीं करणें, हीं कलमें सर्वश्रुत आहेत. मात्र निजामाच्या पैशानें पोसलेल्या इंग्रज कंपनीच्या दोन पलटणी त्या रणांत नव्हत्या. मराठ्यांशीं कंपनीचा स्नेह आहे, सबब त्यांच्याविरुद्ध त्या वापरूं नयेत, असा गव्हर्नर जनरल सर जॉन शोर याचा निर्णय होता. न आलेली फौजहि राजकारण करिते तें असें. निजामअल्लीनें रागानें त्या पलटणींस निरोप दिला व रेमंड नांवाच्या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी वाढविल्या. पुढें त्याचा पुत्र अलीजाह यानें बंड केलें, तेव्हां भिऊन कंपनीच्या पलटणी त्यानें परत बोलाविल्या. बंड मोडलें तें मात्र रेमंडानें.

यापुढील प्रकरण म्हणजे न लढतां जिंकण्याचा असा नमुना आहे कीं, त्याचा तपशील देणें अवश्य आहे. रेमंड १७९८ च्या मार्चांत वारला व त्याची जागा पिरोन यास मिळाली. मे महिन्यांत मार्क्विस वेलस्ली (तेव्हां लॉर्ड मॉर्निंग्टन) गव्हर्नर जनरल होऊन आला. त्या उन्हाळ्यांत बोनापार्ट मिसर देशांत उतरला, टिपूशीं फ्रेंचांचें सूत असल्याच्या वार्ता उठल्या, आणि हैदराबादेस फ्रेंच अंमलदारांच्या हाताखालीं दहा हजारांहून अधिक कवायती शिपाई असणें इंग्रजांस सहन होईना. १ सप्टेंबर १७९८ रोजीं तह झाला. तैनाती फौज सहा पलटणींची, खर्च सालीना २४,१७,१०० रुपये निजामानें द्यावयाचा, आणि फ्रेंच अंमलदारांस दूर करावयाचें. सही झाली, पण नवाबाचा हात पुढें होईना. ज्या पलटणींनीं मुलाचें बंड मोडून दिलें त्यांस मोडण्याचा हुकूम लिहितांना तो कचरला यांत नवल नाहीं. तेव्हां नव्या पलटणी शहराजवळ आणून फ्रेंच छावणीच्या तोंडावर उभ्या करण्यांत आल्या, आणि कर्कपॅट्रिकनें दरबारांत ताकीद दिली कीं, आतां विलंब झाल्यास पुढील परिणामाची जोखीम नवाबाची. बरतर्फीचा हुकूम निघतांच पगार थकलेले शिपाई आपल्याच फ्रेंच अंमलदारांवर उलटले. २२ ऑक्टोबर १७९८ रोजीं कर्नल रॉबर्ट्स यानें छावणीस वेढा घातला. थकबाकी मिळेल असें वचन मिळाल्यावर शिपायांनीं हत्यारें खालीं ठेविलीं. दक्षिणेंतील एक मोठी कवायती फौज एका दिवसांत, रण न होतां, नाहींशी झाली. जॉन माल्कम तेथें हजर होता. पुढें इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आला तोच हा.

या दिवशीं निजामाचा पराभव झाला काय? कागदोपत्रीं तर तो कंपनीचा दोस्त होता व त्याच्याच हुकुमानें त्याच्याच चाकरांचीं हत्यारें काढिलीं गेलीं. पण तेव्हांपासून हैदराबादेस कवायती बळ असें एकच उरलें, आणि तें पगार नवाबाचा खाई व हुकूम दुसऱ्याचा मानी. खर्ड्यास गेलेला मुलूख पुष्कळसा पुढें परत आला. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्यें वारल्यावर पुण्यांतील भांडणांनीं ती वाट मोकळी केली. २२ ऑक्टोबरास जें गेलें तें मात्र परत आलें नाहीं.

१२ ऑक्टोबर १८०० च्या तहानें तैनाती फौजेंत आणखी दोन पलटणी व एक घोडदळाचा रिसाला वाढला. पैसा वेळेवर पोंचेल याचा भरंवसा नको म्हणून, म्हैसूरच्या दोन युद्धांत (१७९२ व १७९९) निजामाच्या वांट्यास आलेला बल्लारी-कडप्याकडील मुलूख कायमचा कंपनीकडे गेला. परराज्यांशीं बोलणें कंपनीच्या विचारानेंच करावयाचें ठरलें. कोशोपनत संधि दोन वर्षांत देशोपनत झाला. कौटिल्याच्या तिसऱ्या प्रकाराचें बीजहि याच तहांत आहे: युद्धप्रसंगीं निजामानें आपले सहा हजार पायदळ व नऊ हजार स्वार द्यावेत, असें त्याच्या एका कलमांत लिहिलें. हें कलम 'युद्धप्रसंगीं' या शब्दांसह वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

आतां परांडा. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईचा तह केला, आणि त्यास पुण्यास आणून बसविण्याचें काम कंपनीवर आलें. १८०३ च्या आरंभीं कर्नल स्टीव्हन्सन हैदराबादची तैनाती फौज व तिच्या जोडीस निजामाचे लोक घेऊन परांड्यास येऊन राहिला. जागेची निवड पाहावी. परांडा हें मोगलाईचें पश्चिमेचें टोंक. तेथून पुण्यास जातां येतें, अहमदनगराकडे वळतां येतें, गोदावरीचे उतार राखतां येतात, आणि तळ तर आपल्या दोस्ताच्याच हद्दींत. कोणावर चालून आलों असें कोणास म्हणतां येत नाहीं. दक्षिणेकडून आर्थर वेलस्ली निघाला, व पुणें जाळण्याचा बेत आहे अशी वार्ता आल्यावरून स्वार घेऊन दौडत २० एप्रिलास पुण्यांत पोंचला. अमृतराव तत्पूर्वींच निघून गेला होता. १३ मे रोजीं बाजीराव गादीवर बसला. राजधानी हातीं आली, पेशवा बदलला, आणि बंदुकीचा बार झाला नाहीं.

परंतु या विद्येस मर्यादा आहे, व तीहि याच सालीं दिसली. दौलतराव शिंदे व रघूजी भोसले आपापल्या फौजा घेऊन निजामाच्या सरहद्दीजवळ येऊन राहिले. त्यांनीं युद्ध पुकारलें नाहीं, कंपनीनेंहि नाहीं. वेलस्लीची मागणी अशी कीं, शिंद्यांनीं नर्मदापार व भोसल्यांनीं नागपुरास परत जावें. त्यांचें उत्तर असें कीं, आपणहि आपल्या फौजा मद्रास, श्रीरंगपट्टण व मुंबई येथें परत न्याव्या, मग आम्ही बऱ्हाणपुरास मागें जातों. दोन्ही बाजूंस आपला तळ हा बचाव व दुसऱ्याचा तळ हा धाक वाटत होता. मागें आधीं कोणीं सरावें एवढ्याच गांठीवर सारें बोलणें अडलें. ३ ऑगस्टास शिंद्यांच्या लष्करांतील इंग्रज वकील कॉलिन्स निघून गेला, ८ तारखेस अहमदनगरच्या पेठेवर हल्ला झाला, आणि २३ सप्टेंबरास असई. केवळ दाखविण्यासाठीं म्हणून एकमेकांसमोर आणून ठेविलेल्या फौजा अब्रू राखून मागें घेतां येईनाशा झाल्या म्हणजे त्या लढतात. असईच्या कारणांची चर्चा करणाऱ्यांनीं मे ते जुलै या तीन महिन्यांचा पत्रव्यवहार रणांगणाच्या नकाशाइतकाच बारकाईनें पाहावा, असें आमचें सांगणें आहे.

युद्ध संपलें. आतां 'युद्धप्रसंगीं' द्यावयाच्या त्या निजामी फौजेचें काय झालें? ती मोडावयास हवी होती. उलट, ती नीट कवायतीची नाहीं अशी तक्रार करून ती सुधारण्याचा तगादा लागला. हेन्री रसेल १८११ ते १८२० पर्यंत हैदराबादचा रेसिडेंट होता. त्याच्या वेळीं इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं, निजामाच्या खजिन्यांतून पगार घेणारें, 'रसेल ब्रिगेड' उभें राहिलें, आणि त्याच्या भोंवतीं वाढत जाऊन जी फौज झाली तीच पुढें काँटिंजंट म्हणून नांवारूपास आली. पेशकार चंदूलाल यानें पैसा मागितला तितका दिला. तो देण्याचें कारण उघड होतें. त्याचा अधिकार रेसिडेंटाच्या मर्जीवर उभा होता. या फौजेनें महिदपुरास (१८१७) लढाई केली, हें खरें. परंतु तिचा नित्याचा उपयोग वेगळा होता. १८१८ सालीं आमच्या बीड प्रांतांत धर्माजी प्रतापराव यांनीं बंड केलें, तेव्हां तें मोडण्यास सदरलंड नांवाच्या इंग्रज अंमलदाराच्या हाताखालीं रिसाला आला व धर्माजी पकडले गेले. राज्य निजामाचें, पैसा निजामाचा, बंडहि निजामाच्या अंमलाविरुद्ध. पण दंड कोणाच्या हातीं आहे तें रयतेनें पाहिलें.

खर्च सालीना चाळीस लाखांच्या आसपास जाऊं लागला. पैसा कोठून आणावा? चंदूलालानें परगणे इजाऱ्यानें दिले, पामर आणि कंपनी या पेढीकडून कर्ज काढिलें, व त्यावरील व्याज फेडण्यास पुन्हां इजारे चढविले. मेटकाफ १८२० सालीं रेसिडेंट झाल्यावर त्यानें हा व्यवहार चव्हाट्यावर आणिला, पण फौज कमी झाली नाहीं. इजारदार दोन वर्षांसाठीं आलेला. पुढील वर्षीं गांव उजाड पडला तर त्याचें काय जातें? लढाईंत फौज एकदां येते, पिकें तुडवून निघून जाते. या न लढणाऱ्या फौजेनें मुलूख दरवर्षीं तुडविला, आणि तेंहि स्वतः तेथें पाऊल न ठेवितां.

१८५३ पर्यंत कंपनीच्या हिशेबीं निजामाकडे या फौजेपायीं चाळीस लाखांवर देणें झालें होतें. निजामाचे लोक म्हणत कीं, सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांच्या आबकारीचें उत्पन्न कंपनी वर्षानुवर्षें स्वतः घेत आली, तें जमेस धरल्यास देणें उरतच नाहीं. आणि तहान्वये शांततेच्या काळीं ही फौज बाळगण्यास निजाम बांधलेला नाहीं, हें तर लॉर्ड डलहौसीनें आपल्या लेखांत स्वतःच कबूल केलें होतें. तरी मागणी आली ती मुलुखाची. नासिरुद्दौला नवाब बधेना. तेव्हां मे महिन्याच्या मध्यास रेसिडेंट लो याचा मदतनीस मेजर डेव्हिडसन यानें दिवाण सिराजुल्मुल्क यास एक खासगी चिठी पाठविली. आशय असा कीं, रेसिडेंटाचीं बोलणीं आतां संपलीं, आजच्याच टपालानें तो फौजा हालविण्याविषयीं गव्हर्नर जनरलास लिहीत आहे. आणि पुण्याहून आपल्या एका नातलगाचें पत्र आलें आहे, त्यांत तेथील गोऱ्या पलटणींस हैदराबादेवर कूच करण्यास तयार राहण्याचा हुकूम झाल्याचें लिहिलें आहे.

या चिठीवर क्षणभर थांबावें असें आम्हांस वाटतें. तींत धमकी अशी कोठेंहि नाहीं. सरकारी खलिता नाहीं, युद्धाचा शब्द नाहीं. घरगुती पत्रांतील एक वार्ता, स्नेह्यानें स्नेह्यास कळवावी तशी. पलटणी पुण्याबाहेर निघाल्यासुद्धां नव्हत्या. एका आठवड्याच्या आंत, २१ मे १८५३ रोजीं, नवाबानें तहावर सही केली. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशीव-नळदुर्गाकडील मुलूख, मिळून सुमारें पन्नास लाखांच्या उत्पन्नाचा प्रदेश, कंपनीच्या कारभाराखालीं गेला. आणि त्यांतून पांच हजार पायदळ, दोन हजार स्वार व चार तोफखाने यांची 'हैदराबाद काँटिंजंट' कायम पोसावयाची ठरली. सिराजुल्मुल्क थोड्याच दिवसांत वारला व त्याचा पुतण्या सालारजंग वयाच्या चोविसाव्या वर्षीं दिवाण झाला. कौटिल्याचे तिन्ही प्रकार या एका तहांत एकत्र झाले, आणि चौथी गोष्ट कौटिल्यासहि सुचली नसावी: फौज ठेवण्यासाठीं कर्ज, कर्जासाठीं मुलूख, व मुलुखाच्या उत्पन्नावर पुन्हां तीच फौज.

त्याच सालच्या जुलैंत अमेरिकेचा नौसेनापति पेरी चार गलबतें घेऊन जपानच्या एदो उपसागरांत उभा राहिला. राष्ट्राध्यक्षांचें पत्र देऊन, उत्तरासाठीं पुन्हां येतों असें सांगून तो गेला. दुसऱ्या वर्षीं मोठें आरमार घेऊन आला, आणि ३१ मार्च १८५४ रोजीं तह झाला. पाश्चात्य ग्रंथकार या रीतीचा मासला म्हणून पेरीचें नांव घेतात. हैदराबादेस समुद्र नाहीं, म्हणून कीं काय, डेव्हिडसनाच्या चिठीची आठवण त्यांस होत नाहीं. आमच्या मतें कौशल्य चिठीचेंच अधिक. पेरीस निदान गलबतें आणावीं लागलीं.

नळदुर्गाकडील मुलूख आमच्या शिवारापासून दक्षिणेस जवळच. १८५३ पासून त्याचा कारभार मेडोज टेलर याजकडे होता. कादंबरीकार म्हणून तो सर्वांस ठाऊक आहे. सत्तावन्नच्या जूनमध्यें औरंगाबादेस याच काँटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यांत फितूर झाला व पुण्याहून वुडबर्न फौज घेऊन आला; बाकीची फौज मात्र कंपनीकडे राहिली आणि १८५८ सालीं सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानांत लढली. बक्षिसादाखल १८६० च्या तहानें धाराशीव व रायचूर दुआब परत मिळाले, सुरापूरचें संस्थान निजामास लाभलें, कर्ज माफ झालें. वऱ्हाड राहिलें तें राहिलेंच. १९०२ सालीं तें सालीना पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्यानें घेतलें गेलें, आणि पुढच्याच वर्षीं काँटिंजंट ही वेगळी फौज म्हणून उरली नाहीं. तिच्या पलटणी व रिसाले हिंदी सैन्यांत मिळविण्यांत आले. ज्या फौजेसाठीं मुलूख गहाण पडला ती गेली, मुलूख परत आला नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरांत १३ ते १७ या पांच दिवसांत जें झालें त्यास 'पोलीस ॲक्शन' म्हणण्याची वहिवाट आहे. तेथें खरें युद्ध असून नांव निराळें, म्हणजे आमच्या विषयाचा उलटा प्रकार. त्याचा विचार येथें नको.

राहिली मोमिनाबादची छावणी. अंबाजोगाईस जाणारा अभ्यासक मुकुंदराजांच्या समाधीस जातो, दासोपंतांच्या लांबलचक वस्त्रावर लिहिलेल्या पासोडीची चौकशी करितो, आणि परत फिरतो. तें योग्यच आहे. पण काँटिंजंटचे रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते, ही गोष्ट मोडी कागद पाहणाऱ्यानें विसरूं नये. शिलेदार आपला घोडा आपण आणी व पगारांतून तो पोशी. ज्याचा घोडा दुसऱ्याचा तो बारगीर. अशा एका जागेस 'आसामी' म्हणत, व ती आसामी मालमत्तेप्रमाणें विकतां, गहाण ठेवतां येई. शिवकालापासूनचे हे शब्द इंग्रज अंमलदारांच्या हजिरीपटांत शिरले. घोडा मेला म्हणजे शिलेदार सावकाराकडे जाई. दुष्काळांत कडबा महागला म्हणजेहि जाई. म्हणून अशा छावणीचा खरा इतिहास लष्करी दप्तरांत जेवढा आहे, त्याहून अधिक आसपासच्या सावकारांच्या वह्यांत, कडबा-दाणा पुरविल्याच्या याद्यांत, गाड्या व वेठीचीं माणसें धरल्याच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या टिपणांत असावयाचा. परांड्याचा तळ महिने-दोन महिन्यांचा, तरी त्यासहि दाणावैरण कोणीतरी पुरविलीच असली पाहिजे.

हे कागद संग्राहकांच्या नजरेंत भरत नाहींत. त्यांवर शिक्का नसतो, सनद नसते, थोरांचें नांव नसतें. पोथी घेऊन रुमाल तसाच टाकून देण्याची चाल आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली आहे. केज, कळंब, अंबाजोगाई, धारूर व परांडा या भागांतील जुन्या वाड्यांत ज्यांचें जाणें होत असेल त्यांनीं आसामीचीं गहाणखतें, शिलेदारांचे रोखे व छावणीकडे गेलेल्या रसदेच्या याद्या, मोडींतील असोत कीं फारसी-उर्दूंतील, वेगळ्या काढून ठेवाव्या. रुमाल सोडण्यापूर्वीं तो कोणत्या गांवीं, कोणाच्या घरांत व कोणत्या कागदांसोबत बांधलेला सांपडला, तें वरच्या फडक्यासच चिठी जोडून लिहून ठेवावें.